पिल्लाच्या वाटणीचा सड

माझ्या हाताला गुण आहे असं आमच्या गावात अजून म्हणतात. कुणी नवी गाय बांधली की मला बोलावणं येतं आणि पहिली पेंडी माझ्या हातून टाकून घेतात. मी जातो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल, आणि ते कारण मी आयुष्यात एकदाच सांगून पाहिलं आहे.

हा गुण मुळात माझ्या हाताचा नव्हताच. तो माझ्या धाकट्या बहिणीचा. मी तो तिच्याकडून घेतला. घेतला कसला, चोरला म्हणा. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसानं शब्द तरी नीट वापरावा.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडपासून आत कोसभर. कपाशी, ज्वारी, भुईमूग, घरची एक बैलजोडी, आणि घरात चौघं: आबा म्हणजे माझे वडील, माय, मी आणि ही बहीण. मी सातवीत होतो तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिनं लावलेलं रोप जगायचं. तिनं लावलेलं विरजण असं घट्ट लागायचं की भांडं उपडं करा. शेजारची अक्का तर रोज संध्याकाळी दुधाचं पातेलं घेऊन आमच्या ओट्यावर यायची आणि म्हणायची, पोरी, बोट बुडव. पेरणीला चाड्यात, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या तोंडात, पहिली मूठ हिच्याच हातून टाकायची असं ठरून गेलं होतं. दाणे तिच्या एवढ्याशा मुठीत मावायचे नाहीत, बोटांतून गळायचे, आणि आबा वाकून ते वेचून पुन्हा तिच्या हातात ठेवायचे. या सगळ्याची तिला केवढी ऐट! चालायची अशी, जशी गावाची पाटीलकी हिच्याकडेच.

मला राग यायचा का? यायचा. मी लावलेली मिरची वाळायची आणि हिनं थुंकलेल्या बीचंही कलिंगड यायचं. पण खरं सांगतो, मी पुढं जे केलं ते त्या रागापायी केलं नाही. राग असता तर बरं झालं असतं, निदान रागाला माफी असते. मला फक्त शिकायला जायचं होतं.

गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढं जायचं तर धुळ्याला, बोर्डिंगात राहायचं. आबांचा शाळेला विरोध नव्हता, पण त्यांच्या चुलतभावाचा मुलगा बोर्डिंगातून वर्षभरात परत आला होता, अंगात ताप आणि डोक्यात उवा घेऊन. तेव्हापासून आबांनी मनाशी घेतलं होतं की ज्याला एक जीव सांभाळता येत नाही त्यानं परगावी राहायच्या गोष्टी करू नयेत. माझ्या बाबतीत त्यांची खात्री होती की मला काही सांभाळता येत नाही. मी बैल पाण्यावर नेला तर बैल आधी घरी येई.

त्याच वर्षी ग्रामसेवक शाळेत एक कागद वाचून गेला. पौष महिन्यात धुळ्याला पांझरेच्या काठी जनावरांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात शाळकरी मुलांनी सांभाळलेल्या दुभत्या शेळ्यांचा वेगळा गट होता. मुलानं स्वतः सांभाळायची, स्वतः धार काढायची, आणि पंचांसमोर दोन वेळचं दूध मोजून द्यायचं. सोबत पिल्लूही आणायचं, मेलं असेल तर कशानं ते पंचांना सांगायचं. कागदावर शेळी लिहिलं होतं, आम्ही बकरीच म्हणायचो. आमच्या घरी बकरी होती आणि ती चांगली होती. पांढरी, आखूड पायांची, सुरतेकडच्या जातीची, नुकतीच दिवाळीला व्यालेली. मी आबांच्या मागं लागलो. त्यांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी बैलांना वैरण टाकता टाकता म्हणाले, "बकरीले नंबर येवू दे, मंग तुले धुयाले धाडसू."

नंबर आला तर धुळ्याला धाडू, एवढंच बोलले. पण आबा एकदा बोलले की ते दगडावर कोरल्यासारखं असायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

झालं. आम्ही दोघा भावंडांनी बकरी वाटून घेतली. बकरी माझी, पिल्लू तिचं. पिल्लू पाट होतं, म्हणजे मादी, आईसारखंच पांढरं, एक कान तेवढा तांबूस. मी बकरीला चरायला न्यायचो, बाभळीच्या शेंगा झोडून द्यायचो, भुईमुगाचा पाला साठवून ठेवायचो, सरकी भिजवून चारायचो. पिल्लू दिवसभर घरी बहिणीजवळ असायचं. ती शाळेत जाताना त्याला डालग्याखाली झाकायची, सुट्टीत पळत येऊन बघून जायची. सकाळी आणि संध्याकाळी मी धार काढली की ती पिल्लू घेऊन यायची आणि बकरीला लावायची.

आता इथं एक रीत सांगायला हवी. बकरीला सड दोन. आमच्याकडे उजवा सड घराचा आणि डावा पिल्लाचा. पिल्लानं चुकून घराचा ओढू नये म्हणून त्याला शेणाचा लेप लावून ठेवायचा, आणि धार काढायच्या वेळी धुवायचा. पिल्लाच्या सडाला मात्र माणसानं हात लावायचा नाही. हे कुणी कुणाला शिकवत नसे. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी आपण उचलत नाही, तसंच ते होतं.

प्रदर्शनाला महिना राहिला असेल. सोनगीरच्या बाजारात एक म्हातारा बकऱ्यावाला भेटला. मी त्याच्यापाशी माझ्या बकरीबद्दल मोठमोठ्या गप्पा मारल्या. त्यानं ऐकून घेतलं आणि सहज म्हणाला, की कास जेवढी रिकामी करशील तेवढी बकरी जास्त दूध करते, ठेवलंस तर आटवते. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. त्यानं खरं तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बहिणीच्या आधी उठायला लागलो. फटफटायच्या आत गोठ्यात जायचो आणि आधी डावा सड पिळायचो. पूर्ण. शेवटचा थेंब निघेपर्यंत. मग उजवा धुऊन त्याची धार घरच्या तांब्यात काढायचो. संध्याकाळीही तेच, बहीण पिल्लाला घेऊन यायच्या आत. डाव्या सडाचं दूध तांब्यात घातलं असतं तर मायच्या लक्षात आलं असतं की दूध एकदम वाढलं कसं. ओतून द्यायला जीव होत नव्हता. म्हणून मी ते प्यायचो. तिथंच, बकरीच्या पोटाला डोकं टेकवून, वाटीनं. कोमट, थोडंसं खारट.

बहीण यायची, पिल्लू सोडायची. पिल्लू धावत यायचं, डाव्या सडाला लागायचं, डोक्यानं कासेला ढुशा द्यायचं. सुरुवातीला थोडंफार मिळत असेल. मग नुसता सुका आवाज यायचा, चुट, चुट. ते शेपूट हलवत राहायचं. बहीण त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहायची आणि मी समोर बसून हात धुवायचो.

म्हाताऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. आठ-दहा दिवसांत दूध वाढलं. उजव्या सडाचंसुद्धा वाढलं. आबांनी तांब्यात डोकावून पाहिलं आणि सरकीची जास्तीची मूठ माझ्यासमोर ठेवली. माय मला निरखून म्हणाली की पोराचे गाल वर आले, यंदा हिवाळा मानवला याला. आणि याचं श्रेय कुणाला मिळालं माहीत आहे? बहिणीला. पिल्लू तिच्या हातचं आहे म्हणून बकरी भरभरून देते, असं शेजारची अक्का ओट्यावर बसून सगळ्यांना सांगायची.

पिल्लू वाळत चाललं होतं. ते फक्त बहिणीला दिसलं. एक दिवस तिनं मला विचारलं की हे पोटभर पितं ना रे, याची कूस आत गेल्यासारखी वाटते. मी घरातून वही आणली. त्या वहीत माझं भूगोलाचं टिपण होतं. ती उघडून मी तिच्यासमोर बोट फिरवलं आणि म्हणालो, बघ, इथं लिहिलंय, पिल्लाला जास्त पाजलं तर हगवण लागते, बारीक असलेलंच बरं. तिला अजून जोडाक्षरं वाचता येत नव्हती. तिनं मान हलवली.

आज इतक्या वर्षांनी मला विचाराल तर त्या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त लाज त्या वहीची वाटते. दूध चोरलं ते हावेपोटी. पण वही मी थंड डोक्यानं आणली होती.

तिचं समाधान झालं नसावं. ती पिल्लासाठी हिरवं शोधत फिरायला लागली. बोरीचा कोवळा पाला आणायची, बांधावरचं गवत नखानं खुडून आणायची, आणि पिल्लाच्या तोंडाशी धरून बसायची. पौषात आमच्याकडे हिरवं असतं कुठं? ज्वारी कापून झालेली, रानं उघडी. फक्त कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना कोवळे फुटवे आलेले असतात, हिरवेगार, बघूनच जनावरानं धाव घ्यावी असे. आणि तेच जनावराला चारायचे नसतात. त्यानं विष चढतं, त्याला आमच्याकडे किराळ लागणं म्हणतात. मोठा बैल आडवा होतो, पिल्लाची काय कथा. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तिलाही होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ते पिल्लू होतं. तिनं मूठभर आणले.

मूठभर म्हणजे तिची मूठ. चाड्यात धरताना जिच्यातून दाणे गळायचे ती.

त्या दुपारी मी बकरी घेऊन रानातून आलो तर गोठ्यात बहीण बसलेली आणि मांडीवर पिल्लू. ते मेलेलं होतं. पोट फुगलेलं नव्हतं, तोंडाला फेस नव्हता, पाय झाडल्याची खूण नव्हती. मान तेवढी तिच्या गुडघ्यावरून खाली लोंबत होती. किराळीनं मेलेलं जनावर मी पाहिलेलं होतं, ते असं मरत नाही. हे उपाशी मेलं होतं. मला बघताक्षणी कळलं. माझ्या जिभेवर सकाळचं दूध अजून होतं असं मला वाटलं, आणि मी बाहेर जाऊन चूळ भरली.

आबा आले. त्यांना खाली पडलेली ज्वारीची पात दिसली. ते ओरडले नाहीत, तिला मारलं नाही. मारलं असतं तर एकदाचं संपलं असतं. त्यांनी तिच्यासमोर उकिडवं बसून तिचा उजवा हात हातात घेतला, बोटं उघडून तळव्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि हात सोडून दिला. मग मायला म्हणाले, किराय लागनी, आणि पिल्लू उचलून घेऊन गेले.

दुसऱ्या संध्याकाळी शेजारची अक्का दुधाचं पातेलं घेऊन आली नाही. बहीण ओट्यावर बसून वाट बघत होती. अक्कानं स्वतःच्या दारात, आम्हाला दिसेल अशा जागी, स्वतःचं बोट बुडवलं.

मी सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो. पण आता तर बकरी पान्हाच सोडेना. पिल्लासाठी ओरडायची, दाराकडे बघत राहायची, कास दगडासारखी घट्ट. प्रदर्शनाला आठ दिवस राहिले होते, आणि मी सांगितलं असतं तर धुळं संपलं. स्वतःशी मी असं म्हणायचो की एकदा नंबर येऊ दे, मग सांगू. मग लगेच सांगू.

आबांनी मार्ग काढला. म्हशीचं रेडकू मेलं की करतात तेच त्यांनी केलं. पिल्लाचं कातडं वाळवून त्यात भुसा भरला आणि पोटाशी शिवलं. चार पायांच्या जागी काटक्या घातल्या. डोळ्यांच्या जागी काहीच नव्हतं, नुसती भोकं शिवून टाकली होती. कान मात्र तसाच राहिला, तांबूस. त्या कातड्याला रोज मीठ चोळायचं, म्हणजे बकरी चाटते, आणि चाटता चाटता पान्हा सोडते. हे मीठ चोळायचं आणि ते पिल्लू बकरीसमोर धरायचं काम बहिणीकडे आलं, कारण बकरीला पिल्लू तिच्याच हातातून यायची सवय होती.

तिनं नाही म्हटलं नाही. सकाळ-संध्याकाळ ती ते भुशाचं पिल्लू दोन्ही हातांनी कडेवर घेतल्यासारखं आणायची आणि बकरीच्या तोंडाशी धरून उभी राहायची. बकरी आधी हुंगायची, थबकायची, मग चाटायला लागायची. खरखरीत जिभेचा आवाज व्हायचा आणि आतला भुसा खसखसायचा. माझ्या हातात धार सुटायची. आता दोन्ही सडांची, उघडपणे. चोरायची गरज राहिली नव्हती. आम्ही दोघं एकाच बकरीच्या दोन टोकांना असायचो आणि एकमेकांकडे बघायचो नाही.

प्रदर्शनाला आम्ही तिघं बैलगाडीनं गेलो. आबा, मी, ती. बकरी गाडीत उभी, आणि भुशाचं पिल्लू मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बहिणीच्या मांडीवर. पांझरेच्या काठी कनाती लावलेल्या, कर्णा वाजत होता, बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यांत घुंगुरमाळा. मला त्यातलं दुसरं काही आठवत नाही. आमच्या गटात वीसेक पोरं असतील. सगळ्यांची पिल्लं उड्या मारत होती.

गुरांचे डॉक्टर म्हणून एक गृहस्थ पंच होते. टोपी घातलेले, हातात पेन्सिल, स्वभावानं चांगले वाटले. आमच्यापाशी आले, लुगड्यातलं ते पिल्लू पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पिल्लू कशानं मेलं, असं त्यांनी विचारलं. रोग असेल तर बकरी गटातून बाहेर काढावी लागेल, बाकीच्या जनावरांना लागण नको, असंही म्हणाले. आबांनी किराळ म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी बहिणीकडे पाहिलं, कारण पिल्लू तिच्या हातात होतं. ती म्हणाली, "मी चारं." मोठ्यानं म्हणाली. आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं.

डॉक्टर मात्र आपल्या धंद्यात पक्के होते. त्यांनी पुढं विचारलं की पोट फुगलं होतं का, तोंडाला फेस आला होता का.  बहीण आठवून बघायला लागली, तिच्या कपाळावर आठी पडली. ती नाही म्हणणार, हे मला दिसलं. ती नाही म्हणाली असती तर डॉक्टरांनी आणखी दोन प्रश्न विचारले असते आणि गोष्ट तिथंच उघडी झाली असती. बकरी बाहेर गेली असती, मी धुळ्याला गेलो नसतो, आणि तिचा हात तिला परत मिळाला असता.

"हो," मी म्हणालो. "फेस आला होता. खूप."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता बोलेल. पण ती फक्त मान हलवत होती, हळूहळू, जसं कुणी सांगितल्यावर आपल्याला एखादी विसरलेली गोष्ट आठवते तसं.

पहिला नंबर आमच्या बकरीचा आला. दोन वेळचं दूध मोजताना बकरी शेवटपर्यंत ते भुशाचं पिल्लू चाटत होती. मला हार घातला, पितळी कळशी दिली, कर्ण्यावरून गावाचं नाव पुकारलं. आबांनी चारचौघांत माझा हात धरून वर केला. ते तसले नव्हते, त्यांनी आधी किंवा नंतर कधी असं केलं नाही. सोबतच्या कुणाला तरी ते म्हणाले की पोराच्या हाताला गुण आहे. बहीण टाळ्या वाजवत होती. दोन्ही हात मोकळे करायला तिनं ते पिल्लू जमिनीवर उभं करून ठेवलं होतं.

मग सांगू, असं मी म्हणत होतो ना? नाही सांगितलं. मृगाला चाड्यात पहिली मूठ आबांनी माझ्याकडून टाकून घेतली. बहीण बियाण्याची टोपली घेऊन शेजारी उभी होती, तिनंच माझ्या ओंजळीत दाणे घातले. मी धुळ्याला गेलो, शिकलो, मास्तर झालो. बोर्डिंगात सकाळी पेलाभर दूध मिळायचं, ते मी शेजारच्या पोराला द्यायचो. लोकांना वाटायचं, काय उदार मुलगा. रिकाम्या सडाचा तो सुका आवाज मला कुठंही ऐकू यायचा. वर्गात पोरं शाईच्या पेनाचं टोपण तोंडात धरून ओढायची, तेव्हा मी विनाकारण त्यांच्यावर खेकसायचो. पोरं मला तापट मास्तर म्हणायची. म्हणू देत.

घरी गेलो की बघायचो. बकरी पुढं दोनदा व्याली, पण बहीण गोठ्यात जात नसे. विरजण लावत नसे, रोप लावत नसे, कुणाच्या तान्ह्या मुलाला घेत नसे. कुणी तिला मनाई केली नव्हती. तिची तीच बाजूला व्हायची, हसून. एवढी ऐटीत चालणारी पोर, ती भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली होती. दर सुट्टीत मी सांगायचं ठरवून यायचो आणि दर सुट्टीत कळशीतलं पाणी पिऊन परत जायचो.

सत्तर साल उलटल्यावर तिचं लग्न झालं, पारोळ्याकडच्या एका गावात. माणसं भली. पहिलं मूल झालं आणि दीड महिन्याचं होऊन तापानं गेलं. मी गेलो तेव्हा ती रडत नव्हती. माझ्यासमोर तिनं आपला उजवा हात उघडून दाखवला आणि पुन्हा मिटला.  मला आबा आठवले, गोठ्यात उकिडवे बसलेले. त्या दिवशी मी परतीच्या एसटीत खिडकीला डोकं लावून रडलो, भर दुपारी, लोकांसमोर.

दोन वर्षांनी मुलगी झाली. जगली, बाळसं धरलं. पाचव्या महिन्यात तिचं उष्टावण ठरलं, आणि आमच्याकडे पहिला घास मामानं भरवायचा असतो. मला सांगावा आला. जाताना मी ठरवलंच होतं, आज नाही तर कधीच नाही.

दुपारची वेळ. बाहेर ओसरीत पाट मांडलेला, पाहुणे बसलेले, तिची सासू नातीला मांडीवर घेऊन. बहीण आत चुलीपाशी खीर हलवत होती. मी जाऊन तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. डावा सड, वाटी, पहाटेचं उठणं, भूगोलाची वही. पिल्लू किराळीनं मेलं नाही, ते मी उपाशी मारलं, तुझ्या हाताचा काही दोष नव्हता, तू तर त्याला जगवायला बघत होतीस. एवढं सगळं मी एका दमात बोललो.  ती खीर हलवत राहिली, बुडाशी लागू नये म्हणून.

मग म्हणाली, "माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन सांगस तू हाई."

मी म्हणालो की नाही गं बाई, देवाशपथ खरं सांगतो. किराळीनं मेलं असतं तर फेस आला असता. फेस नव्हता. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं.

तिनं चुलीवरून खीर उतरवली. वाटीत काढली, वर थोडी साखर भुरभुरली. माझ्याकडे पाहिलं ते अगदी मायेनं, लहान पोराची समजूत घालावी तसं.

"फेस वना व्हता भाऊ," ती म्हणाली. "मी मना परकरघाई पुसा व्हता."

 ती सांगत राहिली की फेस किती होता, पांढरा आणि थोडा हिरवट, कसा तिच्या परकराला लागला, आणि धुतला तरी त्याचा डाग कसा गेला नाही. तिला सगळं आठवत होतं. मी एका वाक्यात जे खोटं बोललो होतो ते तिनं इतकी वर्षं आठवून आठवून पुरं केलं होतं. तिथं मला हात घालायला जागाच उरली नव्हती. मी पुन्हा नाही म्हणालो, दोनदा म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तू लहानपणापासून असाच, दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेणारा.

बाहेरून सासूनं हाक मारली, मामा कुठं आहेत म्हणून. बहिणीनं वाटी माझ्या हातात ठेवली. वाटीला तिचा हात क्षणभर तसाच होता, मग तिनं तो काढून पदराखाली घेतला. "चाल," ती म्हणाली. "तुना हातले गुण शे."

मी ओसरीत गेलो, पाटावर बसलो आणि माझ्या भाचीला पहिला घास भरवला. तिनं तो मिटक्या मारत गिळला, आणि सगळे हसले. सासू कौतुकानं म्हणाल्या की मामाचा हात लागला, आता काळजी नाही. माझी बहीण दाराच्या चौकटीत उभी होती, हात पदराखाली घेऊन. तिला खरंच आनंद झाला होता.